निवृत्तीचा भोंगा

देऊळघाटात वीज आली तेव्हा बहुतेक घरांनी तिच्याकडून एकच अपेक्षा धरली होती, की विहिरीवरची मोटर चालावी. दिवा लागला तर लागला. निवृत्तीची तऱ्हा निराळी. तारवाल्यांनी भिंतीवर बोर्ड ठोकून पाठ फिरवली, तोच हा गडी बोर्डाच्या पोटात काय आहे ते बघायला स्क्रू काढून बसला आणि झटका खाऊन अंगणात येऊन पडला. उठला तो हसतच. तेव्हा जे वेड लागलं ते उतरलं नाही, आणि खरं सांगायचं तर एका माणसाशिवाय कोणी ते मनापासून उतरवायला गेलंही नाही.

तो माणूस म्हणजे त्याचा थोरला भाऊ शेषराव. वडील गेले तेव्हा विहीर, बैलजोडी, मळा आणि हा धाकटा भाऊ, सगळं एकदमच त्याच्या अंगावर आलं, आणि त्याने चौघांनाही सारख्याच शिस्तीत ठेवलं. माळ्याचं घर ते. वांगी, मेथी, कांदा, उन्हाळ्यात भेंडी आणि गवार. भाजीला सुट्टी नसते, म्हणून शेषरावलाही कधी नव्हती. निवृत्ती मात्र बुलडाण्याच्या बाजारात भाजी विकून झाली की घरी यायच्या ऐवजी गुलाबरावच्या दुकानात जाऊन बसायचा. गुलाबराव रेडिओ दुरुस्त करायचा. पहिले सहा महिने निवृत्ती नुसता पायरीवर बसून बघत राहिला. मग तारेला कथलाचा डाग देऊन सांधायला शिकला. दोन वर्षांत हात असा बसला की अवघड रेडिओ आला तर गुलाबराव गिऱ्हाइकाला सांगायचा, बाजाराच्या दिवशी या, तेव्हा आमचा माळी येतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सातेक वर्षं झाली होती. त्या साली पावसाळ्यात गुरांना लस टोचायला सरकारी डॉक्टर गावात आला. दवंडी दिली होती, पण नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत दवंडीवाल्याचा आवाज पोचला नाही, आणि पायही पोचले नाहीत. डॉक्टर दुपारी निघून गेला. पुढच्या पंधरा दिवसांत त्या वस्तीवरची चार जनावरं दगावली. सरपंच वामनराव जरा मानी माणूस, त्याच्या मनाला हे फार लागलं. पंचायतीत ठरलं की पारावरच्या पिंपळाला मोठा भोंगा बांधायचा. त्यावर रेडिओच्या बातम्या आणि बाजारभाव लागतील, आणि सरपंच माइकवरून बोलला तर नदीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे. कंपनीचा तयार सेट मागवायचा बेत होता. कागदावर सही होणार, एवढ्यात मागे बसलेला निवृत्ती उभा राहिला.

"कंपनीचा डबा आपल्या गावासाठी नाही बनवला, वामनभाऊ," तो म्हणाला. "तो साऱ्याच गावाइसाठी बनवला हाय, म्हनजे कोनत्याच गावासाठी नाही. मी बनवून देतो. एक एक सामान निवडून."

लोक हसले. वामनराव हसला नाही. त्याने शेषरावकडे पाहिलं, कारण घरचा कर्ता तो. शेषराव उठून घरी गेला. पाय धुता धुताच धाकट्याला म्हणाला.

"पाडव्यापर्यंत टाइम देतो तुले. तुहा डबा बोलला त मी यंदा सालदार ठेवीन, तू तुहं काम कर. नाही बोलला त सालदार तूच."

पाडव्याला वर्षाच्या बोलीने जो गडी शेतावर ठेवतात तो सालदार. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत त्याचा जीव शेताला बांधलेला. आधीचा सालदार सोडून गेला होता आणि त्याची निम्मी कामं निवृत्तीच्या गळ्यात आधीच पडली होती. वर्षभर औत हाकायचं म्हणजे बाजार नाही, गुलाबराव नाही, आणि वर्षाने हाताची बोटं अशी जड होणार की केसाएवढ्या तारेला डाग देण्याची गोष्टच नको. निवृत्ती घाबरला. पण घाबरून गप्प बसणाऱ्यातला तो नव्हता, घाबरला की तो आणखी हट्टाला पेटायचा. "चालते," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून सामानाची यादी करायला लागला.

आता यादी म्हणजे काय? एका पेटीत काय काय लागतं हे गुलाबरावने एका दमात सांगितलं असतं. पण निवृत्तीला कोणाची यादी नको होती. तो नदीपलीकडे गेला, वस्तीवरच्या शेवटच्या घरापासून पारापर्यंत पावलं मोजत आला, मधे झाडं किती, वारा कुठून, सगळं मनात धरलं, आणि मग एवढ्या लांब आवाज फेकायला किती ताकदीचे व्हॉल्व्ह लागतील ते गुलाबरावला विचारलं. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या त्या नळ्या, ज्यांच्या आत लाल निखारा दिसतो. आवाज मोठा करायचं काम त्यांचं. गुलाबराव म्हणाला, "मोठ्या नळ्या दोन लागतीन, जोडीनं चालनाऱ्या. पन बुलडाण्यात नाही भेटत. अकोल्याले जा."

अकोल्याच्या दुकानदाराने त्या दिवशी काय भोगलं ते त्यालाच माहीत. त्याने आधी बांधून ठेवलेला सगळा संच काढून दिला, घेऊन जा म्हणाला, मुंबईवाले हाच नेतात. निवृत्तीने तो बाजूला सारला. माळी कधी ढिगाच्या वरचं वांगं घेत नाही, कारण वर काय ठेवायचं हे त्याला स्वतःला ठाऊक असतं. त्याने खालच्या खोक्यातले सहा व्हॉल्व्ह काढायला लावले, सहाही मीटरवर लावून बघितले. एकापेक्षा एक जोरदार होते, तरी सगळ्यात जोरदार त्याने घेतला नाही. त्याला जोडी हवी होती. एक बैल तेज आणि दुसरा सुस्त असला की गाडी एका अंगाला ओढते, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. चौथा आणि सहावा जवळजवळ सारखे निघाले, ते त्याने धोतराच्या घडीत गुंडाळले. ट्रान्सफॉर्मर तागडीत घालून वजनदार तेवढा घेतला. वीज साठवणारे कंडेन्सर वास घेऊन बघितले, जुना माल असेल तर मेणाचा खवट वास येतो म्हणे. भोंगा घेतला तो पातळ पत्र्याचा चकचकीत नाही, जाड पत्र्याचा, रंग उडालेला. संध्याकाळच्या गाडीला तो निघाला तेव्हा दुकानदार हात जोडून म्हणाला, "पाटील, पुढच्या बारीले जरा लवकर येत जा." निवृत्ती पाटील नव्हता, पण त्या दिवशी त्याला ते शोभलं.

पेटी गावच्या सुताराने केली. चांगल्या सागाला वरून आणि मागून भोकं पाडायला सांगितल्यावर तो रुसलाच. "धूळ जाईन ना बे आत!" निवृत्ती म्हणाला, "जाऊ दे. धूळ झटकता येते. आतल्या नळ्या तापल्या आन वारा नाही भेटला त मंग काई झटकता येत नाही." सुताराने भोकं पाडली, पण कोणी विचारलं तर पेटी मी केली असं तो सांगायचा नाही.

माघ संपता संपता सेट उभा राहिला. दुपारी जेवायला घरी आलं की निवृत्ती तो लावायचा. उन्हाच्या वेळी भाजीला पाणी देत नाहीत, रोपं उकडून निघतात, म्हणून दुपारचा तो तेवढा वेळ गावातला प्रत्येक माळी घरी असतो. पहिल्याच दिवशी भोंग्यातून आकाशवाणी अशी कडाडली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली आणि निवृत्तीची बायको झुंबरबाई हातातलं पीठ तसंच ठेवून अंगणात आली. "बाई बाई," एवढंच म्हणाली. शेषराव ओट्यावर पडला होता, त्याने कूस बदलली. पण रोज दुपारी भोंगा सुरू झाला की त्याचं घोरणं बंद व्हायचं, हे झुंबरबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, पारावर पारख ठेवली. निम्मं गाव पारावर, निम्मं वावरात. शेषराव मुद्दाम वावरात गेला. म्हणाला, "इथं काय आयकाचं? मी आपल्या विहिरीवर बसतो. तिथं आयकू आलं त खरं." निवृत्तीने खटका दाबला. व्हॉल्व्ह तापायला लागतो तेवढा वेळ गेला. मग आणखी तेवढाच गेला. भोंग्यातून दमेकऱ्यासारखी घरघर आली, बातम्यांचे दोन शब्द चिरडून बाहेर पडले, आणि पुढे काहीच नाही. निवृत्तीने पेटी उघडली, बंद केली, तारा हलवल्या. पेटीत डोकं घालून तो अर्धा तास खपला. पिंपळाखालचा बल्बही तांबडा, मिणमिणता होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माणसं एकेक करून उठली. हसली नाहीत, तेच जास्त लागलं. वामनराव खाली मान घालून म्हणाला, "पाडव्यापर्यंत थांबतो, निवृत्ती. मंग कंपनीले कागद पाठवा लागते."

शेषराव वावरातून आला, हातपाय धुतले, ताटावर बसला. निवृत्ती भिंतीला टेकून बसला होता. शेषराव म्हणाला, "मी कान देऊन बसलो होतो." मग जेवायला लागला. निवृत्तीला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पिंपळावरचा भोंगा आणि पेटी पोत्यात घालून, वर कडबा लावून, त्याने ते सगळं बैलगाडीतून बुलडाण्याला नेलं. गुलाबरावने खटका दाबला. भोंगा असा बोलला की रस्त्यावरची माणसं थांबली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. पाच वेळा. पाचही वेळा खणखणीत. गुलाबरावने टेबलावर हात टेकले. "सेटमधी काई खोट नाही बे. खोट तुह्या गावात हाय."

हे ऐकून माणूस वेडाच व्हायचा. निवृत्ती पेटी घेऊन घरी आला, दुपारी लावली, बोलली. संध्याकाळी ओलीत करायची पाळी त्याची होती, म्हणून वावरात गेला. मोटर सुरू केली आणि वाफ्यांना पाणी फिरवत राहिला. भेंडीला पाणी लागलं की नाही याचंही भान नव्हतं. पाडव्याला बारा दिवस उरले होते. परत आला तेव्हा झुंबरबाईने ताट वाढलं. शेषराव शेजारी गेला होता. भासरे, म्हणजे थोरले दीर, घरात असताना ती नवऱ्याशीसुद्धा मोठ्याने बोलत नसे. आता कोणी नव्हतं, म्हणून ती बोलली.

"एक इचारू का? तो बल्ब जसा संध्याकाळी लाल होते, तसंच तुमच्या डब्याचं होत असन काय?"

निवृत्तीचा घास हातातच राहिला. "कोनता बल्ब?"

"हा काय. चुलीवरचा. रोजच्याले दिवेलागनीले लाल होते. भाकर भाजली का जळली ते दिसत नाही. मंग सगळ्याच्या मोटरी बंद झाल्या का पांढरा होते."

"आन हे तू मले आज सांगून राह्यली?"

"तुमाले कसं माहीत नाही, हे मले काय माहीत?" ती म्हणाली. "गावातल्या साऱ्या बायाइले माहीत हाय. तुमी तवा मोटरीपाशी असता."

निवृत्ती उठला आणि चुलीवरच्या बल्बकडे बघत उभा राहिला. तो पांढरा झाला होता, कारण शिवारातल्या मोटरी बंद झाल्या होत्या, आणि मोटरी बंद झाल्या होत्या म्हणूनच तो स्वतः घरी आला होता. गावात वीज येऊन तीन वर्षं होत आली, आणि घरातला संध्याकाळचा बल्ब त्याने एकदाही पाहिला नव्हता. त्याने अकोल्याला जाऊन व्हॉल्व्हची जोडी जुळवली, कंडेन्सर हुंगले, भोंगा ठोकून घेतला. सगळं सामान निवडलं, आणि ज्या विजेवर ते चालायचं ती तेवढी न बघता घेतली. असा राग त्याला आयुष्यात स्वतःचा आला नव्हता. आणि तसा आनंदही झाला नव्हता, कारण खोट सापडली होती.

त्याने गुलाबरावकडून विजेचा दाब मोजायचं मीटर आणलं आणि चुलीशेजारी टांगलं. संध्याकाळी तो वावरात असणार, म्हणून काम झुंबरबाईकडे आलं. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण काटा कुठे आहे ते कोण वाचू शकत नाही? तिने भिंतीवर मीटरसारखी गोल कमान कोळशाने काढली आणि काटा जिथे जिथे थांबला तिथे तिथे रेघ मारली. चार दिवसांत भिंतीवर चार ठिकाणी रेघांचे दाट पुंजके झाले. दुपारी दोनशे तीस व्होल्ट. मोटरी सुरू होऊ लागल्या की दोनशे, मग एकशे ऐंशी. ऐन दिवेलागणीला एकशे साठ. इतक्या कमी विजेवर ते व्हॉल्व्ह तापणार कुठून?

औषध सोपं होतं, करायला अवघड होतं. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचं एकच मोठं भेंडोळं गुंडाळायचं आणि त्याला वीज आत शिरायला चार दारं ठेवायची. वीज जितकी कमी येईल तितक्या खालच्या दाराने ती आत घ्यायची, म्हणजे दुसऱ्या टोकाला ती पुरी दोनशे तीस होऊन बाहेर पडते. कोणतं दार उघडायचं ते एका खुंटीने ठरवायचं. गाभा त्याने जळक्या ट्रान्सफॉर्मरचा मिळवला. तार मात्र नवी, आणि गुलाबरावने सांगितली त्याच्याहून एक नंबर जाड. "इतकी नाही लागत," गुलाबराव म्हणाला. "लागन," निवृत्ती म्हणाला. अकोल्यात तो दुकानदाराचं ऐकत नव्हता, आता गुरूचंही ऐकेना.

वेढे बरोबर मोजायचे होते. एका व्होल्टला चार वेढे, म्हणजे शेवटच्या दारापर्यंत नऊशे वीस. एकाने गुंडाळायचं आणि दुसऱ्याने मोजायचं. झुंबरबाई म्हणाली, मी मोजते. तिने मोजलं ते भाजी मोजतात तसं, कोडीने. वीस झाले की कोडी, कोडी झाली की बाजूला एक खडा. आणि धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, तसं तिने पहिल्या वेढ्याला लाभ म्हटलं. बत्तीस खडे झाले, पहिलं दार. छत्तीसला दुसरं, चाळीसला तिसरं, सेहेचाळीसला चौथं. तीन दुपारी गेल्या. एकदा मधेच चुकल्यासारखं वाटलं तेव्हा निवृत्तीने अकरा कोड्या उलगडल्या आणि पुन्हा गुंडाळल्या. झुंबरबाईने कपाळाला हात लावला, पण अकरा खडे गुपचूप परत उचलून घेतले.

शेषराव ओट्यावर तंबाखू मळत बसायचा. विचारायचं काही नाही, असं त्याने स्वतःला बजावलं असावं. तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. "ही खुंटी कायची बे?"

निवृत्तीने समजावून सांगितलं. मोटरी सुरू होतील तसं खालच्या दाराकडे न्यायची, बंद होतील तसं वर आणायची.

"आन खाली ठेवली, आन मोटरी बंद झाल्या त?"

"त मंग लय वीज घुसते आत. नळ्या जळतात."

"आन दुसऱ्या नळ्या?"

"नाहीत, दादा."

शेषरावने तंबाखू तोंडात टाकली. "म्हनजे हे बी पान्याची पाळी सांभाळल्यासारखंच झालं," तो म्हणाला आणि वावराकडे निघून गेला.

पाडव्याच्या दिवशी दारोदार गुढ्या होत्या. दुपारपासून जागोजागी सालदारांच्या बोल्या चालल्या होत्या. शेषरावने कोणाशीच बोली केली नाही. वेळ दिवेलागणीचीच ठरली. वामनरावला मनातून वाटत होतं की या पोराचं व्हावं. तो हळूच म्हणाला, "मी सगळ्याइले सांगून ठेवतो, घंटाभर मोटरी बंद ठेवा. सणाचा दिवस हाय, आयकतीन."

निवृत्तीने मान हलवली. "नाही, वामनभाऊ. सगळ्या मोटरी चालू पायजेत. आमची बी. आज बंद कराल, मंग रोज कोन करन? तुमी नदीपलीकडं जा आन आयका."

वामनराव सायकलवर बसून गेला. निवृत्तीच्या विहिरीवर झुंबरबाई पाणी फिरवायला थांबली होती. पारावर बल्ब तांबडा झाला होता. निवृत्तीने मीटर पाहिलं, एकशे साठच्याही किंचित खाली. खुंटी सगळ्यात खालच्या दारावर ठेवली. खटका दाबला. व्हॉल्व्हमध्ये लाली आली, वाढली, आणि भोंग्यातून बातम्या सांगणारी बाई अशी स्वच्छ बोलली की पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी पदर-टोप्या सारख्या केल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे ऐकत होते. निवृत्तीचा हात खुंटीजवळ होता.

पाच-सात मिनिटं गेली असतील. वारा सुटला आणि भोंग्याची तार वरच्या फांदीवर घासायला लागली. आवाज तुटू लागला. निवृत्तीने शिडी लावली आणि भराभर वर चढला, तार दातात धरून फांदीला बांधू लागला. तेवढ्यात खालचा बल्ब उसळल्यासारखा उजळला. कोणाची तरी मोठी मोटर बंद झाली होती. तो खाली ओरडायला गेला, पण दातात तार होती. दुसरी एक बंद झाली की संपलं. जोडी, अकोला, सेहेचाळीस कोड्या, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर जळायला लागलं.

खाली कोणीतरी खुंटी फिरवली. एक घर वर.

शेषराव होता. तो केव्हा आला, कुठे उभा होता, कोणी पाहिलं नव्हतं. तो पेटीकडे बघतही नव्हता. त्याची नजर बल्बवर होती. "रामरावची पाच हॉर्सची मोटर बंद झाली," तो स्वतःशीच म्हणाला. "आता नदीकाठच्या मळईतल्या दोन्ही होतीन, एकामागं एक." बल्ब पुन्हा उजळला, त्याने खुंटी आणखी एक घर वर घेतली आणि तिथेच हात ठेवून उभा राहिला. शिवारात कोणाची मोटर केव्हा सुरू होते आणि केव्हा बंद होते, हे त्या माणसाला पंचांगासारखं पाठ होतं. बातम्या एका शब्दालाही तुटल्या नाहीत.

निवृत्ती खाली उतरला. बातम्या संपल्या होत्या. आता बोलून दाखवायचं होतं, म्हणून त्याने माइक जोडून पेटीवर ठेवला. एवढ्यात वामनराव सायकल रेटत आला, अंगावरचा सदरा घामाने भिजलेला. "आयकू येते बे! शेवटच्या घरात, न्हानीत आयकू येते! निवृत्ती, पंचायतीकडून पक्कं झालं. पन एक सांग, हा खुंटीचा कारभार रोज कोन करन? तू एकला..."

शेषरावने त्याला पुरं बोलू दिलं नाही. "उद्या मी सालदार पाहाले जातो," तो म्हणाला. मग बल्बकडे बघत म्हणाला, "दोन पाहा लागतीन."

"दोन काऊन, दादा?" निवृत्तीने विचारलं.

"एक तुह्या बदल्यात. तू हे सोडून वावरात येऊ नोको आता." शेषरावचा हात अजून खुंटीवरच होता. "आन एक माह्या बदल्यात. रोज संध्याकाळी मले इथं या लागन. नाही त तू झाडावर चढशीन आन नळ्या जाळून ठेवशीन."

निवृत्तीला हसायचं होतं, पण त्याला रडू आलं, अख्ख्या गावासमोर, मोठ्याने. माइक चालू होता हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. शेषरावची बोली आणि निवृत्तीचा हुंदका, दोन्ही पिंपळावरून नदीपलीकडे गेले, वस्तीवर गेले, आणि मळ्यातल्या विहिरीवरही गेले. तिथे झुंबरबाईने हातातलं फावडं खाली ठेवलं आणि नीट ऐकू यावं म्हणून मोटर बंद केली.

पारावरचा बल्ब पांढराशुभ्र झाला. "आपली बंद झाली," शेषराव म्हणाला आणि त्याने खुंटी चौथ्या घरावर नेली.